बिली जीन, मग कोळीगीत

१९९६च्या ऑक्टोबरमध्ये ‘मायकल मुंबईत येणार’ अशी बातमी पेपरात आली. मी ती मोठ्याने वाचली, तशी आजीने निवडायच्या भाजीतून मान वर केली आणि विचारलं, “कुठला? गिरीजचा की पापडीचा?”

तिचं काही चुकलं नव्हतं. वसईत मायकल ही दुर्मीळ चीज नाही. आमच्याकडे वेलची केळ्यांचे घड आणून देणारा एक मायकल होता, विहिरीच्या पंपाची मोटर दुरुस्त करणारा दुसरा. टपालवाला तिसरा. आणि उन्हाळ्यात टँकर आला नाही की आम्ही ज्याच्या बावखलावर बादल्या घेऊन जायचो, तो मायकल अंकल आणखी वेगळा. रस्त्यात नुसतं ‘मायकल’ म्हणून हाक मारली तर तिघं वळून बघतात आणि चौथा खिडकीतून “काय रे?” म्हणतो. म्हणून आमच्याकडे गावाचं नाव जोडल्याशिवाय मायकल पुरा होत नाही. मी आजीला सांगितलं, जॅक्सन. डाबरे, डिमेलो, लोपीस, तुस्कानो अशी मनातल्या मनात उजळणी करून तिने निकाल दिला, “आपल्यातला नाही. उत्तनकडचा असेल.”

आजीला हा मायकल माहीत नव्हता असं मात्र नाही. गेली तीन वर्षं ती त्याला रोज ऐकत होती. फक्त ती त्याला ‘तो ओरडणारा’ म्हणायची.

हा ओरडणारा आमच्या घरात आला तो काकाच्या कॅसेटवर स्वार होऊन. १९९३ साल. शेजाऱ्यांकडे नवी केबल आली होती. आंब्याच्या फांदीवरून, तिथून नारळावर, नारळावरून गच्चीवर अशी ती वायर आल्यामुळे वारा सुटला की चित्रात मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांमधून एके दिवशी काळी विजार, पांढरे मोजे आणि एकच हातमोजा घातलेला एक माणूस पुढे चालत मागे गेला. मी तेरा वर्षांचा होतो. पुढचे सहा महिने मला दुसरं काही सुचलं नाही. दुसरा हातमोजा हरवला असेल तर एवढ्या मोठ्या माणसाला नवा जोड घेता येऊ नये का, ही शंका तेवढी अधूनमधून यायची.

स्टेशनजवळ एक कॅसेट भरून देणारा होता. कोरी कॅसेट त्याच्याकडून घेतली तर कॅसेटचे पैसे आणि वर भरणावळ. आपली जुनी नेली तर नुसती भरणावळ. माझ्याकडे नुसत्या भरणावळीपुरते पैसे होते. घरात काकाची एक साठ मिनिटांची कॅसेट होती. तिच्यावर वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं. दर रविवारी तव्यावर मासे पडले की काका ती लावायचा. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची जीभ तोडलेली असली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, हा कंपन्यांचा बंदोबस्त. आणि त्या भोकावर चिकटपट्टी मारली की सगळं भरता येतं, हा आमचा. (पेन्सिलीने फीत गुंडाळण्याची गोष्ट माझ्या वयाचे सगळेच लोक सांगतात, म्हणून मी ती सोडून देतो.)

दुकानदाराने यादी मागितली. मी वहीचं पान फाडून लिहून दिली: थ्रिलर, बीट इट, बिली जीन. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारलं, “ही बिल्ली कुठल्या पिक्चरमधली?”

दोन दिवसांनी कॅसेट हातात आली. ‘थ्रिलर’ ठीक होतं, दार करकरण्यापासून सुरू होत असल्यामुळे आजीने दोनदा उठून कडी तपासली. ‘बीट इट’ या गाण्याचा विषय बीडी आहे अशी आमच्या घरात बराच काळ समजूत होती. आजोबांना मायकलचं तेवढं एक गाणं पसंत होतं. सिगरेटवर गाणी सगळेच करतात, गरिबाच्या बीडीवर कोण करतं, असं ते म्हणायचे.

आणि मग बिली जीन. ते तीन मिनिटं छान चाललं. मग मायकलचा आवाज वर वर चढत पार किंचाळीला पोचला, खट् असं काहीतरी वाजलं, आणि दुसऱ्या क्षणी ढोलकी आणि घुंगरांसकट अख्खं वेसावे अर्ध्या ओळीपासून गायला लागलं.

नेमकं काय झालं होतं, ते मला फार पुढे इंजिनीअर झालेल्या एका मित्राने सांगितलं. भरता भरता लाइट गेली. डेकची मोटर एकदम न थांबता मंदावत मंदावत थांबली. मंद वेगाने भरला गेलेला आवाज नेहमीच्या वेगाने वाजवला की चढा ऐकू येतो, म्हणून ती किंचाळी. दुकानदार लाइटची वाट बघून जेवायला घरी गेला असणार, आणि परत आल्यावर त्याने दुसऱ्याच कोणाची तरी कॅसेट भरायला घेतली असणार. मायकल जिथे थांबला तिथून पुढे काकाची कोळीगीतं जशीच्या तशी शाबूत होती.

पण तेव्हा हे मला कसं कळावं? मूळ गाणं ४ मिनिटं ५४ सेकंदांचं आहे हे सांगायला वसईत कोणी नव्हतं. किंचाळणं ही तर मायकलची ख्यातीच होती, त्यामुळे तिथे शंकेला जागा नव्हती. कोळीगीत पचायला मात्र चार दिवस लागले. पण ‘ब्लॅक ऑर व्हाइट’च्या व्हिडिओत तो भर रस्त्यात, गाड्यांच्या वर्दळीत, एका नर्तकीबरोबर ओडिशी ढंगाचं नृत्य करतो हे मी मुंग्यांमधून का होईना, पाहिलं होतं. ज्याला ओडिशी चालते त्याला कोळीनृत्य चालायला काय हरकत आहे? मुंबईच्या जवळचं म्हणून घेतलं असेल. मी मायकलला मनातल्या मनात आणखी एक नमस्कार केला.

काकाने त्या रविवारी कॅसेट लावली. तो किती वेळ गप्प राहिला हे मी सांगत नाही. एवढंच सांगतो की तिसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या मिनिटानंतर तो जेवायला बसला, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे मायकलची अडीच गाणी झाल्याशिवाय ताटात मासा पडला नाही.

आता मूनवॉक. तो मायकलने टीव्हीवर पहिल्यांदा केला १९८३मध्ये, मोटाउन कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात, याच बिली जीनवर. त्यालाही तो काही स्वप्नात दिसला नव्हता. रस्त्यावर नाचणाऱ्या पोरांकडून त्याने तो उचलला होता. आम्हीही रस्त्यावरचीच पोरं, पण आमचा रस्ता खडीचा. म्हणून आम्ही इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी निवडली. मोझॅकच्या लाद्या, वर बाबांचे नायलॉनचे मोजे. तरी पाय घसरेना. तेव्हा एका मित्राला कॅरमची पावडर सुचली. स्ट्रायकर घसरतो तर माणूस का घसरणार नाही? अख्खा डबा पालथा केला. पाय घसरू लागले. मी सलग चार पावलं मागे गेलो आणि आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटत असतानाच खालून कोणीतरी ओरडलं, “टँकर आला!”

सोसायटीचे सेक्रेटरी दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन घराबाहेर पडले. पुढे जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. त्यांचा चेहरा जिन्याच्या दिशेने होता, पावलं जिन्याच्या दिशेने पडत होती, आणि ते स्वतः मात्र शांतपणे, ताठ मानेने, बादल्यांसकट, मागे मागे आपल्याच दारात परत चालले होते. उंबरठ्याशी ते क्षणभर थांबले आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो पट्टीसकट मायकलचा होता. आम्ही तीन महिने सराव केला होता. गृहस्थांनी पहिल्याच प्रयत्नात, पायजम्यात करून दाखवलं.

या काळात आमच्या भागात दोन पक्ष होते. एक मायकलचा आणि दुसरा गोविंदाचा. विरारचा छोकरा म्हणून गोविंदावर विरारवाल्यांचा सातबाराच होता. १९८६मध्ये ‘इल्जाम’ आला आणि तेव्हापासून विरारमध्ये असा एकही वडीलधारा माणूस उरला नाही, ज्याने गोविंदाबरोबर एकाच डब्यातून प्रवास केला नव्हता. कोणी त्याला चौथी सीट दिली होती, कोणी त्याची बॅग धरली होती. हे सगळे लोक एकाच डब्यात कसे मावले, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. विरार लोकल पाहिलेल्याला पडत नाही.

वादाचा मुद्दा असा की गोविंदा आपला, मायकल परका. मी यावर बरंच वाचन केलं. अमेरिकेत इंडियाना नावाच्या राज्यात गॅरी नावाचं कारखान्यांचं गाव आहे. तिथे दोन बेडरूमच्या घरात नऊ मुलं आणि आईबाप. बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. हे मी विरारच्या मित्राला सांगितलं. तो जरा विचारात पडला. “दोन खोल्यांत अकरा जणं?” तो म्हणाला. “मग फुलपाड्याचाच म्हण की.” त्या दिवसापासून आमच्यात तह झाला.

वसईकर, नालासोपारकर, विरारकर यांना मायकल जवळचा वाटण्याचं आणखी एक कारण आहे, ते मला कॉलेजसाठी लोकलने जायला लागल्यावर कळलं. बोरिवलीला उतरायचं असलेला माणूस विरार फास्टमध्ये चुकून चढला, की त्याची पावलं दाराकडे चालत राहतात आणि तो आत आत जात राहतो. चेहऱ्यावर पुढे जाण्याचा निर्धार, शरीर मागे. हा मूनवॉक आमच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ पासावर होतो. ‘स्मूथ क्रिमिनल’मध्ये मायकल आणि त्याची माणसं ताठ उभ्याने पुढे कलतात आणि पडत नाहीत. रंगमंचावर हे साधायला त्याने बूटच तसे बनवून घेतले होते. टाचेत खाच असायची आणि जमिनीतून वर आलेल्या खिळ्यात ती अडकवायची. १९९३मध्ये त्याला अमेरिकेत या बुटाचं पेटंट मिळालं. पेटंटवर तीन नावं आहेत, त्यात मायकल बुश नावाचा आणखी एक मायकल आहेच. एकाने भागत नाही हे तिकडेही. आम्ही मात्र भाईंदर ते वसई एवढा वेळ त्याच कोनात, साध्या चपलांवर, एक पाय दुसऱ्याच्या बॅगेवर ठेवून उभे असतो. पेटंट घ्यायला कोणाला सुचलं नाही. हात वर काढता आला असता तर अर्जावर सही केली असती.

तर १९९६. मायकल १ नोव्हेंबरला अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचणार हे नक्की झालं. कार्यक्रम शिव उद्योग सेनेचा, राज ठाकरे यांच्या पुढाकाराने, मराठी तरुणांच्या रोजगारासाठी निधी उभा करायला. माझा मावसभाऊ तेव्हा पदवी घेऊन घरीच होता. तो पेपर गुंडाळून सगळ्यांना सांगत फिरायचा, “मायकल नाचतोय तो माझ्यासाठी.” मावशी म्हणायची, “मग तू त्याच्यासाठी निदान अंघोळ तरी कर.” दोन वर्षांनी त्याला बँकेत नोकरी लागली. पण मुलाखतीत छंद विचारल्यावर त्याने पाश्चात्त्य नृत्य असं सांगितलं होतं, तेव्हा काही संबंध नव्हताच असं म्हणता येणार नाही.

विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून मायकलला ओवाळलं. फोटो बघून आजीने भाऊबीज किती दिवसांवर आहे ते मोजलं आणि मुलीने घाई केली असं मत दिलं. मग तो मातोश्रीवर गेला, तिथलं स्वच्छतागृह त्याने वापरलं, आणि त्याचीही बातमी झाली. मुंबईकर तिच्यावर खूप हसले. वसईत ती वेगळ्या भावनेने वाचली गेली. शेजारच्या काकू पेपर खाली ठेवून म्हणाल्या, “म्हणजे पाणी होतं.”

तिकिटाचा आकडा ऐकून बाबांनी मला परत विचारलं, “हे महिन्याचं भाडं आहे का?” तो विषय तिथेच संपला. मी आणि गिरीजचा एक मित्र, आम्ही ठरवलं की तिकीट आत जायला लागतं, बाहेर उभं राहायला लागत नाही. घरी सांगितलं, त्याच्याकडे अभ्यासाला जातो. त्याच्या घरी सांगितलं, माझ्याकडे. आणि दोघं अंधेरीला उतरून वीरा देसाई रोडच्या गर्दीत मिसळलो.

भिंतीपलीकडे मायकल होता. आमच्यापर्यंत काय येत होतं? ढगांना लागलेला उजेड, हजारो लोकांचा आरडाओरडा, आणि पायातून वर चढणारा ठेका. शब्द एकही कळत नव्हता. पण शब्द आम्हाला घरी तरी कुठे कळत होते? बीडीचं गाणं ओळखलं. शेंगदाणेवाल्याने दोन पुड्या विकत घ्यायच्या अटीवर आम्हाला त्याच्या स्टुलावर आळीपाळीने चढू दिलं. वरूनही भिंतच दिसत होती, पण जरा जास्त. मग बिली जीन सुरू झालं. मी मनात मिनिटं मोजत होतो. तिसरं मिनिट संपलं, किंचाळी आली नाही, ढोलकी आली नाही. ठेका आपला चालूच. मी मित्राला म्हणालो, “कोळीगीत गाळलं वाटतं.” तो म्हणाला, “परदेशातले वादक, त्यांना ढोलकी कुठली जमायला?” आम्ही थोडे नाराज होऊनच निघालो. कार्यक्रम संपेपर्यंत थांबलो असतो तर गाडीत चढता आलं नसतं.

गाडीत तसंही चढता येत नव्हतं, पण चढलो. दारातून आत ढकललो गेलो, मान फिरवायला जागा झाली, आणि समोर आठ-दहा डोक्यांपलीकडे बाबा.

बाबा अंधेरीच्या एमआयडीसीत होते आणि त्यांची दुसरी पाळी सुटायची ती याच वेळी. हे मला माहीत होतं. मायकलच्या नादात विसरलो होतो. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्यांचा एक हात वरच्या कडीत, दुसरा जेवणाच्या डब्यासकट खाली अडकलेला. त्यांनी माझ्या दिशेने पाऊल उचललं आणि गर्दीने त्यांना दोन पावलं मागे नेलं. पुन्हा उचललं, पुन्हा मागे. बोरिवली गेलं, मीरा रोड गेलं, भाईंदर गेलं. गाडी खाडीपुलावर आली, खालून तो पोकळ धडधडाट सुरू झाला, खिडकीतून खारा वारा आला, आणि बाबा डोळे न हलवता माझ्याकडे बघत होते. विरार लोकलच्या गर्दीबद्दल लोक किती वाईट बोलतात. त्या रात्री तिने माझा कान वाचवला.

वसईला उतरलो. मित्र न सांगताच गिरीजच्या वाटेला पसार झाला. आम्ही दोघं चालत होतो. बाबा काही बोलेनात. इमारतीच्या फाटकाशी येऊन त्यांनी विचारलं, “दिसला का?”

“नाही. ऐकू आला.”

“कसा होता?”

“कोळीगीत नाही म्हटलं.”

बाबांनी मान हलवली. “तिकिटं एवढी महाग लावून?” ते म्हणाले आणि जिना चढू लागले.

ती कॅसेट पुढे बँडमास्तरांनी मागून नेली. आमच्याकडच्या लग्नांत ब्रास बँड हवाच. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि पोटावर बांधलेला मोठा ड्रम. मास्तर चर्चमध्ये नोटेशन शिकलेले, कानाचे पक्के. पोरांना नवीन काहीतरी हवंय म्हणून त्यांनी तीन रात्री बसून बिली जीन उतरवून घेतलं, जसं कॅसेटवर होतं तसं, नोटेला नोट. तीन मिनिटांनंतरची किंचाळी त्यांनी क्लॅरिनेटवर अशी काही बसवली की नवऱ्याच्या घोड्याने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो वरात सोडून तामतलावाच्या दिशेने निघाला. मग एक खट्, ड्रमच्या कडेवर काठीने. आणि लगेच कोळीगीत, तेही अर्ध्या ओळीपासून. मी त्यांना म्हटलं, “मास्तर, निदान ओळ तरी पहिल्यापासून घ्या.” ते रागावले. “आपण कोण बदलणारे? ज्याने बांधलं त्याने विचार करूनच बांधलं असेल.”

दुसऱ्या बँडने त्यांचं ऐकून घेतलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. चार-पाच वर्षांत पापडीपासून निर्मळपर्यंत ज्या ज्या मांडवात मी जेवलो, तिथे तिथे बिली जीन असंच वाजलं. त्या किंचाळीला म्हाताऱ्या बायका पदर खोचून उठायच्या, कारण पुढे त्यांचं गाणं असायचं.

२६ जून २००९च्या सकाळी मी गाडीत होतो. पाऊस होता, खिडक्या बंद, डब्यात ओल्या छत्र्यांचा वास. मोबाइलवर रेडिओ ऐकणाऱ्या एकाने कानातली वायर काढली आणि म्हणाला, “मायकल गेला.” पलीकडून एकजण दचकला, “कुठला?” डब्यात कुजबुज झाली. तीन वेगवेगळ्या गावांची नावं घेतली गेली. मग खुलासा झाला, आणि ज्यांचे मायकल वाचले होते त्यांनाही बरं वाटल्यासारखं दिसलं नाही. पुढच्याच आठवड्यात आमची महानगरपालिका झाली आणि लोक पाणी कधी येणार यावर पुन्हा बोलू लागले.

आता भाच्याच्या लग्नाचं सांगतो आणि थांबतो. बँड होता, पण वाजवून दमलेला, खुर्च्यांवर बसून सोडा पीत होता. मास्तर आता ऐंशीच्या घरात आहेत, वाजवत नाहीत, पण बँडबरोबर येतात. भाच्याच्या मित्रांनी मोठाले स्पीकर आणले होते, त्यांनी मोबाइलवरून मूळ बिली जीन लावलं. मांडव उठला. मायकलचे पांढरे मोजे न पाहिलेली पोरं मागे मागे सरकू लागली. तिसरं मिनिट जवळ आलं, तसे मला मावश्या दिसल्या. खुर्च्यांवरून उठलेल्या, पदर खोचलेला, दोन्ही हात वल्ह्याच्या तयारीत, एक पाय पुढे. काका काठी भिंतीला टेकवून उभा राहिला. बाबांनी हातातलं ताट शेजारच्याकडे दिलं.

आणि मायकल गातच राहिला.

मावश्या हात वर धरून उभ्या. एकीने दुसरीकडे बघितलं, दुसरीने माझ्याकडे. मूळ गाण्याची पुढची एक मिनिट चौपन्न सेकंदं त्या मांडवातल्या पन्नाशीपुढच्या कोणीही आजवर ऐकलेली नव्हती. ठेका चालू, गाणं चालू, आणि किंचाळी काही येईना. शेवटी मास्तरांनी सोड्याचा ग्लास खाली ठेवला, शेजारच्याच्या मांडीवरचं क्लॅरिनेट उचललं आणि स्पीकरवाल्या पोराला म्हणाले, “बंद कर रे ते. कॅसेट खराब आहे तुझी.”